वाघिणीच्या अंगावरचे डाग

मुलुंड स्टेशनच्या पादचारी पुलावर थांबून खाली बघणारी माणसं फारशी नसतात. ज्याला त्याला लोकल गाठायची असते. पण कधीतरी कडेच्या मार्गावर मालगाडी सिग्नलला उभी राहते आणि वरून तिच्या उघड्या वाघिणी, म्हणजे वॅगनी, थेट पोटापर्यंत दिसतात. अशा वेळी मी दोन लोकल सोडतो. कोळसा उतरवून परत निघालेल्या वॅगनचं पोट बाहेरच्यासारखं तांबडं नसतंच. तळाच्या कोपऱ्यांत काळा चिखल साचलेला असतो, भिंतींवर गडद तपकिरी गंज असतो आणि त्यावर माल उपसणाऱ्या यंत्राच्या दातांनी ओढलेल्या चकचकीत रेघा असतात. बाहेरून वरच्या कडेचा रंग पार उडालेला आणि त्याखाली ओघळ. बारा सेंटिमीटर लांबीच्या प्लॅस्टिकच्या वॅगनवर हे सगळं कुंचल्यानं कसं उतरवायचं, ते आज बैजवार सांगतो.

मॉडेल करणारे या कामाला वेदरिंग म्हणतात. आमच्या घरात ‘गाडी जुनी करणं’ असा शब्द रुळला आहे. आपल्याकडे छोट्या रेल्वेचा विषय निघाला की पुण्याच्या कोथरूडमधलं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आठवतं. भाऊसाहेब जोशींनी वर्षानुवर्षं जमवलेला आणि हातानं घडवलेला तो संसार १९९८ च्या एप्रिलमध्ये लोकांसाठी खुला झाला. तिथून बाहेर पडणारं मूल गाडी मागतं ती नवी कोरी, चकाकणारी. ती चकाकी घालवावीशी वाटू लागली, की खेळणं मागे पडतं आणि प्रतिकृती सुरू होते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या माँटेरे गावी जॉन ॲलन यांनी हे फार आधी ओळखलं होतं. त्यांच्या घरातल्या रेल्वेतली इंजिनं आणि डबे राबून दमलेले दिसायचे आणि त्यांची छायाचित्रं पाहून कितीतरी जणांनी हातात कुंचला घेतला. १९७३ च्या जानेवारीत ते गेले आणि काही दिवसांतच आगीत त्यांची ती रेल्वे बहुतेक सगळी जळाली. उरली ती छायाचित्रं.

मी पहिली वॅगन जुनी केली तेव्हा ती सगळीकडून सारखीच नारिंगी केली होती. आमच्या इमारतीत वॅगन दुरुस्तीत उभी नोकरी काढून निवृत्त झालेले एक काका राहतात. त्यांनी ती हातात घेतली, चष्मा कपाळावर सारला, उलटीसुलटी करून पाहिली आणि एका जागेवर नख ठेवून विचारलं, “अरे, इथं गंज कसा येईल? इथं पाणी थांबतं कुठं?” या प्रश्नानं माझं सगळं काम बदललं. डाग आला कुठून, हे सांगता येत नसेल तर तो डाग काढायचा नाही. पुढची सगळी कृती या एका नियमावर उभी आहे.

लोखंड गंजायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात. उभ्या सपाट पत्र्यावरून पाणी वाहून जातं, तिथं रंग शाबूत असेपर्यंत फार काही होत नाही. पाणी थांबतं ते आडव्या पट्ट्यांवर, उभ्या फासळ्यांच्या बुडाशी, दारांच्या बिजागऱ्यांत, वेल्डिंगच्या सांध्यांत. गंज तिथं जन्मतो आणि ओघळ बनून खाली उतरतो. दुसरी जागा म्हणजे जिथं काहीतरी आपटून रंग खरवडला गेला ती. त्यात मीठ मिसळलं की काम वेगानं होतं, कारण खारं पाणी वीज जास्त चांगली वाहून नेतं आणि गंजणं ही मुळात वीज वाहण्याचीच प्रक्रिया आहे. मुलुंड, भांडुप, कांजूरमार्गच्या पूर्वेला मिठागरं आणि खाडी. इथं राहणाऱ्याला हे वेगळं समजवायला नको. आपल्या खिडक्यांच्या गजांचं काय होतं ते आपण दर दिवाळीच्या रंगकामाला पाहतो.

कुंचल्याला हात लावण्याआधी वॅगनचं वय काढावं. ते तिच्या अंगावर लिहिलेलं असतं. आपल्या मालगाडीच्या वॅगनवर ११ आकडी क्रमांक असतो. पहिले दोन आकडे वॅगनचा प्रकार सांगतात. चाळीसच्या घरातला आकडा असेल तर ती टाकी. पुढचे दोन आकडे मालक रेल्वेचे. मध्य रेल्वेचे ०१, पश्चिम रेल्वेचे ०८. त्यानंतरचे दोन बांधणीच्या वर्षाचे, मग चार त्या वॅगनचे स्वतःचे आणि शेवटचा पडताळणीचा. म्हणजे पाचवा आणि सहावा आकडा वाचला की वॅगन पंधरा वर्षांची आहे की तीन, हे कळतं. मी वहीत क्रमांक टिपतो आणि शेजारी चार शब्दांत तिचं रूप लिहितो: ‘कड पूर्ण उघडी, दाराखाली ओघळ, क्रमांक ताजा’. अशी वीसेक पानं झाली की कुठल्या वयाला कुठला डाग शोभतो याचा अंदाज डोळ्यांत बसतो. एक पथ्य मात्र पाळा. हे सगळं पुलावरून किंवा फलाटावरून करायचं, रुळांत उतरून कधीच नाही.

आता हिशेब. सर्वांत प्रचलित प्रमाण एचओ, म्हणजे १:८७. कोळसा वाहणारी बॉक्सएन वॅगन कपलरसकट सुमारे १०.७ मीटर लांब आणि ३.२ मीटर रुंद. एचओमध्ये ती साधारण १२.३ सेंटिमीटर लांब आणि ३.७ सेंटिमीटर रुंद होते. अशा ५८ वॅगनींची पूर्ण गाडी जोडायची म्हटली तर नुसत्या वॅगनीच सात मीटरच्या पुढे जातील. उपनगरातल्या कुठल्याही हॉलमध्ये ती मावणार नाही, म्हणून आपण आठ-दहांवर समाधान मानतो. वेदरिंगसाठी महत्त्वाचा हिशेब निराळा आहे. कुंचल्याच्या टोकाचा एक मिलिमीटरचा ठिपका म्हणजे खऱ्या वॅगनवर जवळपास नऊ सेंटिमीटरचा डाग, म्हणजे चांगला वाटीएवढा. खऱ्या वॅगनवरचा एक सेंटिमीटरचा ओरखडा मॉडेलवर दशांश मिलिमीटर होतो, जेमतेम केसाएवढा. नवशिक्यांच्या वॅगनी गोवर आल्यासारख्या दिसतात त्याचं कारण रंग चुकलेला असतो हे नव्हे, ठिपका मोठा पडलेला असतो.

रंगाचंही प्रमाण असतं. दूरवरची वस्तू मधल्या हवेमुळे फिकट आणि करडी दिसते. छोटं मॉडेल म्हणजे दुरून पाहिलेली मोठी गाडी. त्यामुळे बाटलीतला शुद्ध काळा किंवा शुद्ध तांबडा मॉडेलवर भडक वाटतो. काळ्याच्या जागी पेन्स ग्रे किंवा गडद तपकिरीत मिसळलेला काळा घ्या आणि मूळ रंगातही थेंबभर पांढरा-करडा घाला. रंगकाम ज्या दिव्याखाली मॉडेल मांडणार आहात त्याच दिव्याखाली करा. ट्यूबलाइटखाली बेतलेला गंज पिवळ्या बल्बखाली विटकरी होतो.

सामान फार महाग लागत नाही. अंधेरी पूर्वेच्या एमआयडीसीत कार्यालय असलेल्या कॅम्लिनचे, म्हणजे १९३१ साली दांडेकरांनी शाईपासून सुरू केलेल्या कंपनीचे, ॲक्रिलिक रंग कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. रॉ अंबर, बर्न्ट अंबर, बर्न्ट सायना, यलो ऑकर, पेन्स ग्रे आणि पांढरा, एवढे सहा पुरतात. तेलरंगांत बर्न्ट सायना आणि बर्न्ट अंबरच्या दोन लहान ट्यूब. ०, १ आणि ३ क्रमांकाचे गोल कुंचले, एक चपटा, एक जुना पसरलेला. टर्पेंटाइन, कान साफ करायच्या कापसाच्या काड्या, पॅकिंगमधल्या फोमचा तुकडा.

आणि गेरू. याच्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. तुळशीवृंदावनाला आणि रांगोळीखालच्या जमिनीला लावतात तो गेरू म्हणजे मुख्यतः लोहाचं ऑक्साइड. पिवडी म्हणजे त्याच लोहाचं पाणी धरून ठेवलेलं ऑक्साइड. पिवडी तापवली की आतलं पाणी जातं आणि ती तांबडी होते. ट्यूबवर ‘बर्न्ट’ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ हाच. वॅगनवरचा गंजही याच कुळातला आहे: ताजा असतो तेव्हा पिवळसर नारिंगी, मुरत जातो तसा तपकिरी. म्हणून गंजासाठी परदेशी पावडरींच्या डब्या मागवण्याआधी गेरू आणि पिवडीचे खडे आणून पाहा. खलात कुटा, ग्लासभर पाण्यात ढवळा, मिनिटभर थांबा आणि वरचं रंगीत पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून घ्या. जड रवाळ भाग पहिल्या भांड्यात राहतो. दुसऱ्या भांड्यातला गाळ दोन दिवसांनी तळाशी बसला की पाणी निथळून टाका, गाळ वाळवा आणि मलमलीच्या दुहेरी कापडातून चाळा. बोटांच्या चिमटीत रेशमासारखी लागणारी भुकटी मिळते. रांगोळी मात्र वापरू नका. तिचा दाणा १:८७ मध्ये खडीएवढा दिसतो.

तर आता एक बॉक्सएन घेऊ आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत जाऊ.

कारखान्यातून आलेल्या प्लॅस्टिकवर साच्याचं तेल आणि हाताळणाऱ्यांच्या बोटांचं तेल असतं. भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात मऊ ब्रशनं वॅगन धुवा आणि रात्रभर वाळू द्या. चाकं आधी काढून ठेवा. वाळल्यावर मूळ तांबड्या रंगात थोडा पांढरा आणि चिमूटभर करडा मिसळून, दुधाइतका पातळ करून, बाजूंवर एक हात द्या. रंग झाकायचा नाही, फक्त विटवायचा आहे. ऊन खाल्लेला तांबडा रंग गुलाबीकडे झुकतो, वरच्या भागात जास्त, फासळ्यांच्या सावलीत कमी. मी एखाददुसरा पत्रा मुद्दाम वेगळ्या छटेचा ठेवतो, कारण दुरुस्तीत बदललेला पत्रा उरलेल्या अंगापेक्षा नवा दिसतो.

यानंतर चकचकीत वॉर्निशचा पातळ थर. जिथं चकाकी घालवायची तिथं चकाकी आणायची, हे ऐकायला उलटं वाटतं, पण कारण सरळ आहे. पुढचा टप्पा पातळ रंगाच्या धुवणीचा. मॅट पृष्ठभाग टीपकागदासारखा वागतो. पातळ रंग टेकला तिथंच शोषला जातो आणि कडेनं चहाच्या कपाखालच्या वर्तुळासारखा डाग उमटतो. गुळगुळीत पृष्ठभागावर तोच रंग सरसर पळतो आणि फटींत, फासळ्यांच्या मुळाशी, कडी-कोयंड्यांभोवती जाऊन बसतो. घाणही तिथंच बसते.

धुवणीसाठी एक भाग बर्न्ट अंबर, त्यात जरा पेन्स ग्रे आणि आठ-दहा भाग पाणी. त्यात भांड्यांच्या साबणाचा एकच थेंब. साबणानं पाण्याचा ताण मोडतो आणि रंग थेंबांत गोळा न होता पसरतो. एका वेळी दोन फासळ्यांमधला एकच पत्रा करा. रंग लावा, वीस-तीस सेकंद थांबा आणि ओलसर चपट्या कुंचल्यानं वरून खाली, फक्त वरून खाली, पुसून घ्या. पाऊस वरून खाली पडतो आणि यार्डात उभ्या गाडीवर तो असाच ओघळतो. आडवा एक फटकारा बसला तरी डोळा तो लगेच पकडतो. पत्र्याच्या मधोमध थोडा, कडांना जास्त रंग उरला की तो टप्पा झाला. पूर्ण वाळायला एक दिवस द्या. पावसाळ्यात दोन.

पावसाळ्याचं निघालं म्हणून आत्ताच सांगतो. एका जुलैत मी खिडकीशी बसून मॅट वॉर्निशचा स्प्रे मारला आणि पाच मिनिटांत तीन आठवड्यांचं काम पांढुरकं, दुधाळ झालं. स्प्रेमधलं द्रावक झपाट्यानं उडून जाताना पृष्ठभाग थंड करतं. हवेत दमटपणा ठासून भरलेला असला की तिथं बाष्पाचं पाणी होतं आणि ओल्या वॉर्निशमध्ये अडकतं. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो तसंच. जून ते सप्टेंबर मी स्प्रेचा डबा उघडतच नाही. पाण्यात विरघळणारं ॲक्रिलिक वॉर्निश मोठ्या मऊ कुंचल्यानं लावतो. स्प्रेची कामं दिवाळीनंतर.

आता गंज. आधी खरवडलेल्या जागा. फोमचा तुकडा कात्रीनं कापू नका, बोटांनी फाडा, म्हणजे कड वेडीवाकडी मिळते. ती रंगात टेकवा, मग जुन्या वर्तमानपत्रावर टिपून टिपून जवळपास कोरडी करा आणि वरच्या कडेवर, दारांच्या काठांवर, फासळ्यांच्या उंचवट्यांवर हलकेच टेकवा. पहिला रंग बर्न्ट सायनात थोडी पिवडी, म्हणजे नारिंगी. तो वाळला की त्या प्रत्येक ठिपक्याच्या आत, त्याहून लहान, बर्न्ट अंबरचा गडद ठिपका ० क्रमांकाच्या कुंचल्यानं. हा क्रम असाच का? जखमेच्या मध्यभागी पोलाद सर्वांत आधी उघडं पडलं, तिथला गंज जुना आणि काळपट. कडेला रंगाखाली गंज आत्ता शिरतोय, तो ताजा आणि नारिंगी. बहुतेक जण उलट करतात, मध्ये नारिंगी आणि भोवती गडद, आणि मग जखमेऐवजी रंगाचा डाग दिसतो.

ओघळांना तेलरंगाला पर्याय नाही, कारण तो वाळायला वेळ घेतो आणि तेवढा वेळ आपल्याला हवा असतो. बर्न्ट सायनाचा वाटाण्याएवढा गोळा पुठ्ठ्यावर तासभर ठेवा. पुठ्ठा जादा तेल शोषतो आणि रंग वाळल्यावर चकाकत नाही. सुईच्या टोकानं जखमेच्या खालच्या काठावर अगदी बारीक ठिपका ठेवा. चपटा कुंचला टर्पेंटाइनमध्ये बुडवून कपड्यावर पुसा, नुसता ओलसर राहू द्या आणि ठिपका खाली ओढा. एकदा, दोनदा, दर वेळी कुंचला पुसून. ओघळ वर गडद असतो आणि खाली जाता जाता नाहीसा होतो. चुकला तर टर्पेंटाइननं पुसून पुन्हा करता येतो, खालच्या ॲक्रिलिकला धक्का लागत नाही. दोन ओघळ सारख्या लांबीचे नकोत आणि प्रत्येक जखमेला ओघळ हवाच असंही नाही. हे करताना खिडकी उघडी, पंखा चालू आणि लहान मुलं दुसऱ्या खोलीत. मला सगळ्या टप्प्यांत हाच आवडतो. इथं घाई करणाऱ्याचं काम मी लांबूनही ओळखतो.

पोटाकडे वळू. आतल्या भिंतींना आधी बर्न्ट अंबर आणि पेन्स ग्रेचा गडद हात द्या. वाळल्यावर गेरूची भुकटी कोरड्या कुंचल्यानं ठिकठिकाणी चोळा. तळाच्या कोपऱ्यांत काळ्या पेस्टलची किंवा लाकडी कोळशाची भुकटी पाण्यात कालवून भरा. खऱ्या वॅगनमध्येही कोळशाचा चुरा पावसात भिजून असाच थापला जातो. शेवटी मऊ पेन्सिलीच्या शिशानं दोन-चार उभ्या रेघा, जिथं यंत्राच्या दातांनी पोलाद उघडं केलं तिथं. शिसं चमकतं ते थेट घासलेल्या लोखंडासारखं.

मग बाहेरून मॅट वॉर्निश आणि त्यावर भुकटीचा शेवटचा थर. भुकटीला धरून ठेवायला खरखरीत पृष्ठभाग लागतो, म्हणून चकाकी आता गेलेली बरी. रुळालगतची धूळ चाकांमुळे उडते, म्हणून ती खालच्या तिसऱ्या भागात आणि दोन्ही टोकांच्या भिंतींवर जास्त असते. खडी, माती आणि ब्रेकची भुकटी मिळून तिचा करडा-तपकिरी रंग बनतो. जिथं गाड्या रोज ब्रेक लावतात तिथली खडी आणि रूळ तांबूस झालेले दिसतात. बोरिवली, घाटकोपर, कुठल्याही स्टेशनाच्या टोकाला हे पाहता येतं. बिडाच्या जुन्या ब्रेक ब्लॉकचा चुरा गंजून हा रंग येतो. आताचे कंपोझिट ब्लॉक काळपट करडी भुकटी देतात. म्हणून १९८० च्या दशकातली गाडी करत असाल तर चाकांच्या वर तांबूस, आजची करत असाल तर करडी. भुकटी लावताना तोंडाला मास्क लावा. वरून वॉर्निश मारलं तर अर्धी भुकटी दिसेनाशी होते, म्हणून मी मारत नाही. वॅगन नंतर फक्त टोकांना धरून उचलतो.

पोलादाच्या जातीकडेही लक्ष हवं. नंतरच्या बॉक्सएनएचएल वॅगनींच्या बांधणीत स्टेनलेस पोलाद आहे. त्यांना मळ चढतो, ओघळ येतात, पण जुन्या बॉक्सएनसारखा त्यांचा पत्रा गंजून खपल्या धरत नाही. तिथं हात आखडता घ्यावा.

बाकीच्या वॅगनींचं कारण त्यांच्या मालात असतं. कुर्ल्याहून तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, जाणाऱ्या मालमार्गावर तेलशुद्धीकरण कारखाने आहेत आणि राष्ट्रीय केमिकल्सचा खत कारखाना आहे. तेलाच्या टाकीवर डाग सुरू होतो तो वरच्या झाकणापाशी. भरताना सांडलेलं तेल दोन्ही कुशींवरून उतरतं आणि त्यावर धूळ चिकटते. हा डाग काळा आणि किंचित ओला दिसायला हवा, म्हणून फक्त तेवढ्यावर शेवटी चकचकीत वॉर्निशचा पुसटसा हात. खत वाहणाऱ्या बंद वॅगनीच्या दारांखाली पांढरट पट्टे आणि त्यांच्या आत खाऊन गेलेला पत्रा, कारण खतातले क्षार पाणी ओढून घेतात. सिमेंटच्या वॅगनला फिकट करडी साय छपरावर आणि दारांभोवती. त्यासाठी चाळलेली राख वापरा. खरं सिमेंट दमट हवेत धरतं आणि हातालाही चावतं.

इंजिनांचा मळ वेगळाच, कारण त्यांना रोज माणसांचे हात लागतात. डिझेल इंजिनाच्या छपरावर धुराड्यामागे काजळी, टाकीच्या तोंडाखाली सांडलेल्या डिझेलचा गडद, तुकतुकीत ओघळ, बाजूच्या जाळ्यांत काळी धुवणी. चढायच्या पायऱ्यांवर बुटांनी रंग घासून पोलाद उघडं पडतं. तिथं पेन्सिलीचं शिसं. दांड्या हात लागून गुळगुळीत होतात, त्या धुळकट करू नका. विजेच्या इंजिनाच्या छपरावर पँटोग्राफच्या पट्टीचा आणि तारेचा झिजलेला चुरा साचतो, म्हणून छप्पर बाजूंपेक्षा कितीतरी गडद. समोरच्या काचेवर वायपरनं पुसलेली कमान स्वच्छ, तिच्याबाहेर धूळ. ती कमान मी मास्किंग टेप कापून आधी झाकून ठेवतो. कुठल्या काळाची गाडी करायची तेही आधी ठरवा. ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेवरची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर. पश्चिम रेल्वेवर ती वीज २०१२ पर्यंत आणि मध्य रेल्वेच्या मुंबईतल्या शेवटच्या टप्प्यावर २०१६ पर्यंत टिकली. घाटात मागून रेटा देणारं डब्ल्यूसीजी-२ आजच्या डब्ल्यूएजी-९ शेजारी, तेही दोन्ही सारखीच मळलेली, उभी केली तर जाणकाराला खटकणारच.

लोकल करायला मला फार आवडतं आणि तिथं सर्वांत बारीक डाग खिडक्यांखालचा आहे. तंबाखू-पानाच्या पिंका धावत्या गाडीतून पडतात, म्हणून त्यांचे ओघळ सरळ खाली न उतरता मागे कलतात. पण लोकल दोन्ही दिशांना धावते, तिला वळवत नाहीत. म्हणून एकाच डब्यावर काही ओघळ इकडे कललेले, काही तिकडे. बर्न्ट सायनात तांबड्याचा अंश, अगदी पातळ, दोन-तीनच खिडक्यांखाली. २००७ पासून आलेल्या सीमेन्स यंत्रणेच्या गाड्या ब्रेक लावताना वीज तारेत परत पाठवतात, त्यामुळे ब्लॉक कमी झिजतात. त्यांच्या चाकांवरची भुकटी जुन्या पिवळ्या-तपकिरी गाड्यांपेक्षा कमी ठेवा.

चाकं मी शेवटी परत बसवतो. चाकाच्या बाहेरच्या चकतीला रॉ अंबर आणि पेन्स ग्रेचा मॅट हात, एक्सलच्या टोकाशी ग्रीसचा गडद ठिपका. रुळावर टेकणारा काठ मात्र रंगाशिवाय. खऱ्या गाडीतही तो रुळाशी घासून आरशासारखा चमकतो आणि मॉडेलच्या इंजिनाला वीज तिथूनच मिळते. रंगाचा पातळसा थर बसला तरी इंजिन जागच्या जागी अडतं. रंग ओला असतानाच पाण्यात बुडवलेली कापसाची काडी चाक फिरवत फिरवत काठाला लावून घ्या. भुकटी दातेरी चाकांत आणि मोटरमध्ये जाऊ देऊ नका. ती तिथल्या तेलात मिसळली की घासकागदाचं काम करते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात वॅगन डोळ्यांच्या रेषेत ठेवून मोबाइलनं एक फोटो काढा. पडद्यावर मोठं करून पाहिलं की कुंचल्याचे फटकारे, साबणाचे बुडबुडे, सारखे पडलेले ओघळ सगळं उघडं पडतं. दुरुस्त करा आणि पुन्हा फोटो काढा. माझ्या एका वॅगनला असे सहा फेरे लागले.

सगळं झाल्यावर एक चौकोन उरतो. खरी वॅगन ठराविक काळानं दुरुस्तीला जाते. तिथं ती दर वेळी सगळी रंगवली जातेच असं नाही, पण पुढच्या तारखेचा मजकूर लिहायला बाजूच्या कोपऱ्यात ताज्या रंगाचा चौकोन मारतात आणि त्यावर पांढरी अक्षरं लिहितात. काळवंडलेल्या अंगावर तेवढाच एक तुकडा नवा कोरा. काकांनी मला तो दाखवला नसता तर मी कधीच पाहिला नसता. ओलसर काडीनं तेवढ्या जागेवरची भुकटी पुसा, न विटवलेला मूळ तांबडा रंग भरा, ० क्रमांकाच्या कुंचल्यानं दुरुस्तीची तारीख लिहा. शेजारी पांढऱ्या पेन्सिलीनं तपासनीसाच्या खडूची एक तिरकी खूण. त्या चौकोनावर आता धूळ नको.